केली अमाँटी हिलर आणि आमची पुळण

कॉलेजच्या संघाला शिकवायचं म्हणजे दर वर्षी आपल्या हाताने घडवलेला संघ मोडताना बघायचा. टीवायच्या मुली परीक्षा देतात आणि जातात. कुणी मुंबईला काकाकडे राहून नोकरी बघते, कुणी बीएडला जाते, कुणाची मे महिन्यातच हळद असते. जुलैत जिमखान्याच्या दारात नव्या मुली उभ्या असतात, आणि त्यातल्या निम्म्या जणींनी दहावीनंतर पळणंच सोडलेलं असतं. मंडळाच्या किंवा क्लबच्या कोचला एक चांगला धावक दहा वर्षं मिळू शकतो. आम्हाला तीन वर्षं, तीही पावसाने, कापणीने आणि परीक्षांनी कुरतडलेली.

मी रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठच्या एका कॉलेजात मुलींना खो-खो शिकवते. कागदावर माझं पद शारीरिक शिक्षण संचालकाचं, मुलं जिमखान्याच्या मॅडम म्हणतात. आज मात्र मला एका अमेरिकन बाईबद्दल लिहायचं आहे. तिचा खेळ आमच्याकडे कुणी पाहिलेला नाही, पण तिच्या कामासारखं काम मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस आहे असं वाचलं, म्हणून मी उत्सुकतेने सामने बघायला लागले. हा उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा खेळ, शेकडो वर्षांचा जुना. हातात काठी, काठीच्या टोकाला जाळी. आंबे उतरवायचा झेला बघा, त्याचीच आखूड धाकटी बहीण. त्या जाळीत कडक रबरी चेंडू झेलायचा, पळताना काठी सतत हलती ठेवून तो आत जपायचा आणि त्याच जाळीतून गोलात फेकायचा. अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींच्या मोठ्या मैदानावरच्या खेळात एका बाजूला गोलकीपर धरून 12 जणी. ऑलिंपिकमध्ये सहा-सहांचा छोटा प्रकार असणार आहे. नियम मला अजून पूर्ण उमगलेले नाहीत, पण पायांची भाषा लगेच कळली. हुलकावणी तीच, अंगावर आलेल्या खेळाडूला एका पायावर गिरकी घेऊन चकवणं तेच, आणि दमलेल्या मुलीचे खांदे पाडण्याची तऱ्हासुद्धा तीच.

सामने बघता बघता कोचकडे लक्ष गेलं. केली अमाँटी हिलर, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ.

तिची गोष्ट तिच्या गुरूपासून सांगायला हवी. सिंडी टिम्चल या मुलींच्या लॅक्रॉसमधल्या फार मोठ्या कोच. 1980 च्या दशकात त्या शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्नमध्ये शिकवत होत्या. पुढे त्या मेरीलँड विद्यापीठात गेल्या आणि तिथे त्यांनी आठ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, त्यातली सात तर 1995 ते 2001 अशी सलग. इकडे नॉर्थवेस्टर्नने 1992 मध्ये आपला संघच बंद केला. खेळ उरला तो हौशी क्लबापुरता. केली मेरीलँडला टिम्चल यांच्या हाताखाली खेळली, 1995 आणि 1996 च्या विजेत्या संघांत होती. आणि नॉर्थवेस्टर्नने पुन्हा अधिकृत संघ उभा करायचं ठरवलं तेव्हा ती जबाबदारी तिच्याकडे आली. ज्या मैदानावर एकेकाळी आपल्या गुरूने शिकवलं आणि जिथला संघ नंतर मोडला, तिथेच शिष्या नव्याने सुरुवात करायला गेली. 2002 हा तिचा पहिला मोसम.

अमेरिकेतलं लॅक्रॉस तेव्हा जवळजवळ सगळं पूर्व किनाऱ्यावर होतं. मेरीलँड, न्यूयॉर्क, व्हर्जिनिया. तिथल्या मुली शाळेपासून काठी घेऊन वाढतात आणि साहजिकच तिथल्याच नावाजलेल्या विद्यापीठांत जातात. मिशिगन सरोवराच्या काठावर, थंडीत गोठणाऱ्या गावात, संघच नसलेल्या ठिकाणी कोण येणार? मग केलीने कॉलेजात आधीच असलेल्या मुलींकडे बघायला सुरुवात केली. ॲशली आणि कोर्टनी कोएस्टर या जुळ्या बहिणी तिला आवारात धावताना दिसल्या. लॅक्रॉस त्या कधी खेळल्या नव्हत्या. तिने त्यांना संघात घेतलं. 2005 मध्ये नॉर्थवेस्टर्नने एकही सामना न हरता, अंतिम फेरीत व्हर्जिनियाला 13-10 ने हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेव्हा त्या दोघी त्या संघात होत्या.

हे वाचून मी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ नुसती बसले. कारण माझी सगळ्यात चांगली धावक मला मैदानावर सापडलेली नाही. ती सापडली गॅदरिंगच्या तालमीत.

आमच्याकडे गॅदरिंगला जाखडी, म्हणजे ढोलकीवरचा कोकणातला रिंगणाचा नाच, असतोच. पूर्वी फक्त मुलगे नाचायचे, आता मुलीही नाचतात आणि काय नाचतात! मी हॉलच्या किल्ल्या द्यायला गेले होते. ढोलकीचा ठेका वाढत चालला होता, रिंगणात मुली खाली वाकून वर येत होत्या, आणि त्यात एक मुलगी अशी होती की खालून वर येताना तिचं डोकं आधी वर यायचं नाही. ती खालूनच पुढे जायची. वळणावर सगळ्या एक पाऊल जास्तीचं टाकत होत्या, ही डाव्या टाचेवरून फिरून मोकळी.

ज्यांनी खो-खो शिकवलाय त्यांना कळेल मी दारात का खिळले. पाटीवर बसलेल्या खेळाडूचं सगळं कसब उठण्यात असतं. पाठीवर थाप आणि कानात खो पडला की नवखी मुलगी आधी सरळ उभी राहते आणि मग पळते. त्या उभं राहण्यातच बचाव करणारी हातभर लांब गेलेली असते. जाणती खेळाडू उभी राहतच नाही. वजन आधीपासून चवड्यांवर, एक पाय किंचित मागे, बोटं जमिनीला टेकलेली, आणि खो मिळताच गुडघे अर्धवट वाकलेलेच ठेवून ती तिरकी बाहेर पडते. खांदे एकदा एका बाजूला वळले की दिशा ठरली, परत फिरता येत नाही. म्हणून उठायच्या आधीच नजरेने धावक कुठे आहे हे टिपलेलं असावं लागतं. हे शिकवायला माझा एक अख्खा मोसम जातो. या मुलीला ते जाखडीने शिकवून ठेवलं होतं.

ती मासे विकणाऱ्या घरातली. आईला भेटायला बंदरावर गेले. सुरमईचे तुकडे पाडता पाडता त्या म्हणाल्या, "बाई, खेळू दे की तिला. पन गनपतीत नि कापनीत ती माज्याकडं पायजे." मी कबूल केलं आणि आम्ही दोघींनी शब्द पाळला. पुढच्या वर्षी ती कॉलेजांच्या झोनच्या सामन्यांत खेळली, त्याच्या पुढच्या वर्षी मुंबई विद्यापीठाच्या निवड चाचणीपर्यंत गेली. तिथे तिची निवड झाली नाही. पण खांबाजवळ तिने शहरातल्या क्लबच्या मुलींना ज्या तऱ्हेने गुंगवलं, ते बघायला निवड समितीतले लोक खुर्च्या पुढे ओढून बसले होते.

तेव्हापासून मी सगळीकडे पाय बघते. एनएसएसच्या शिबिरात बंधाऱ्यासाठी दगडांची साखळी लागते तेव्हा कोण कमरेतून वाकतंय आणि कोण गुडघ्यातून, हे बघते. शेवाळलेल्या जेटीवरून डोक्यावर पाटी घेऊन चालणाऱ्या मुलींचा तोल बघते. कोकणातल्या मुलींच्या अंगात हे सगळं असतंच, फक्त त्याला खेळाडूपण म्हणायची आपल्याला सवय नाही.

केलीच्या पुढच्या यशाबद्दल भराभर सांगते, कारण ते सगळीकडे लिहिलेलं आहे. 2005 ते 2009 सलग पाच विजेतेपदं, मग 2011 आणि 2012. आठ वर्षांत सात. ऑस्ट्रेलियाहून आलेली हॅना नीलसन 2008 आणि 2009 अशी दोन्ही वर्षं देशातली सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरली. 2005 चा संघ राष्ट्राध्यक्षांना भेटायला व्हाइट हाउसमध्ये गेला, तेव्हा काही मुलींच्या पायात साध्या रबरी चपला होत्या आणि त्यावरून पेपरांत गदारोळ झाला. मुलींनी त्या चपलांचा लिलाव केला आणि मेंदूच्या गाठीने आजारी असलेल्या एका लहान मुलीसाठी पैसे उभे केले. त्या मुलीला त्यांनी आधीच आपल्या संघातली मानलं होतं. मला हा सगळा संघ फार आवडतो.

पण मी केलीकडे परत परत जाते ती या सात विजेतेपदांसाठी नाही. 2012 नंतरच्या वर्षांसाठी.

2012 नंतर दहा मोसम गेले आणि विजेतेपद आलं नाही. संघ वाईट नव्हता, हेच जास्त अवघड. 2019 मध्ये उपांत्य फेरीत मेरीलँडने 25-13 असं धुतलं. 2020 चा मोसम करोनात अर्ध्यावर रद्द झाला. 2021 मध्ये एकही सामना न हरता उपांत्य फेरीत पोचल्या आणि तिथे सिराक्यूजकडून 21-13 ने हरल्या. 2022 ची उपांत्य फेरी मी दोनदा पाहिली आणि दोन्ही वेळा शेवटी उठून पाणी प्यायला गेले. नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध मोठी आघाडी हातात असताना शेवटच्या भागात गोलामागून गोल खाल्ले आणि 15-14 ने सामना गेला. अशा हारीनंतर ड्रेसिंग रूममध्ये काय बोलतात? मला विचाराल तर पहिला अर्धा तास काहीच बोलू नये. पाणी द्यावं, पायाला बर्फ लावावा, बसमध्ये प्रत्येकीच्या शेजारी कोण बसलंय ते बघावं. जिच्या शेजारी कुणी नाही तिच्याजवळ आपण जाऊन बसावं.

2023 मध्ये त्यांनी अंतिम फेरीत बॉस्टन कॉलेजला 18-6 ने हरवलं. केलीचं आठवं विजेतेपद. म्हणजे मेरीलँडमध्ये टिम्चल यांनी मिळवली तितकीच. त्यानंतर 2024 च्या अंतिम फेरीत त्याच बॉस्टन कॉलेजकडून एका गोलाने हार, 14-13. 2025 ला पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा हार, या वेळी नॉर्थ कॅरोलायना 12-8. आणि ती तिथेच आहे.

तिथेच आहे हे मला फार मोठं वाटतं, आणि त्यात तिच्याइतकाच तिच्या विद्यापीठाचाही वाटा आहे. दहा वर्षं करंडक आला नाही म्हणून कुणी तिला हलवलं नाही. उलट 2018 मध्ये सरोवराच्या अगदी काठावर बंदिस्त मैदान उभं राहिलं, हिवाळ्यात बर्फ पडत असताना आत सराव करता येईल असं. तिथे हेड कोच हे एक पूर्ण काम आहे. एक खेळ, त्याची एक हेड कोच, तिच्या हाताखाली मदतनीस कोच. मोसमात आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास सराव घ्यायचा असा राष्ट्रीय नियमसुद्धा आहे. मला 20 तास मिळाले तर मी काय करीन!

आमच्याकडे एकच माणूस कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, बुद्धिबळ, ॲथलेटिक्स सगळ्यांचं बघतो. प्रवेशिका भरा, पात्रतेचे फॉर्म शिक्के मारून पाठवा, परीक्षेला सुपरव्हिजन करा, नॅकच्या फायली लावा, मधल्या वेळात संघ घडवा. हे तरी पद भरलेलं असेल तिथे. कितीतरी कॉलेजांत ते रिकामंच आहे, किंवा एखादा तरुण मुलगा तासिका तत्त्वावर येतो आणि पुढच्या वर्षी तो असेलच याची त्यालाही खात्री नसते. असा माणूस तीन वर्षांचा बेत कशाच्या जोरावर आखेल? एफवायच्या मुलीला तो काय सांगेल, टीवायला तुझ्याकडून काय करून घेणार आहे ते? जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 ने हरवलं, कप्तान आपली प्रियांका इंगळे. गावोगाव फटाके वाजले. मला त्या रात्री आनंद झालाच, आणि लगेच वाटलं की आता तरी प्रत्येक तालुक्यातल्या एका कॉलेजात खो-खोचा एक पूर्णवेळ कोच द्या. दहा वर्षांसाठी द्या. करंडक मागू नका, फक्त दर वर्षी किती मुली जुलैपासून मार्चपर्यंत मैदानावर टिकल्या ते विचारा.

मुलांच्या लॅक्रॉसमधलं एक उदाहरण याच्या जोडीला ठेवते. बिल टिअर्नी प्रिन्स्टनला 1988 मध्ये कोच झाले. 1992 ला पहिलं विजेतेपद आलं, 2001 पर्यंत अशी सहा झाली. एवढं झाल्यावर माणूस खुर्ची सांभाळून निवृत्तीची वाट बघतो. ते 2009 मध्ये सगळं सोडून डेन्व्हरला गेले, पूर्व किनाऱ्यापासून फार लांब, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, जिथे कुणी विजेता संघ घडवलेला नव्हता. 2015 मध्ये मेरीलँडला 10-5 ने हरवून डेन्व्हर जिंकलं. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडे गेलेलं हे या खेळातलं पहिलंच विजेतेपद. आमच्याकडचा चांगला कोच मुंबई-पुण्याला जातो, आणि त्याला दोष देता येत नाही, त्याची मुलंबाळं आहेत. पण उलट्या दिशेने कुणीतरी येईल अशी सोय आपण केलीय का?

आमच्याकडे बंदिस्त मैदान नाही, पुळण आहे, समुद्रकाठची वाळू. कॉलेजचं मैदान जांभ्याचं. पावसाळ्यात चिखल आणि शेवाळ, दिवाळीनंतर विटेसारखं कडक, सूर मारला की कोपर सोललंच. म्हणून आम्ही सरावाचा मोठा भाग समुद्रावर नेला. त्याचं वेळापत्रक कालनिर्णय बघून लागतं. कोळीवाड्यातल्या पोरींना हिशेब तोंडपाठ असतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पुनवेला आणि अवसेला भरती साधारण सव्वाअकराला, म्हणजे संध्याकाळी पाच-साडेपाचला पूर्ण ओहोटी. तेव्हा पाण्यालगतची वाळू ओली, घट्ट आणि सपाट असते. मी पायाने रेघा ओढते, दोन बाजूंना बांबू रोवते आणि खेळ सुरू. पाय किंचित रुततो, त्यामुळे उठायला जास्त जोर लागतो, आणि सूर मारायची भीती पहिल्या आठवड्यातच जाते. अष्टमीच्या आसपास मात्र संध्याकाळी सहाला पाणी सुरूच्या झाडांना लागतं. त्या दिवसांत जिमखान्याच्या व्हरांड्यात नुसत्या उठण्याबसण्याचा सराव, शंभर-शंभर खो. भर पावसात, समुद्र खवळलेला असताना, पुळणीवर कुणालाही नेत नाही. खरा सराव नारळी पुनवेनंतरच.

झोनच्या सामन्यांना दाभोळची फेरीबोट धरून पलीकडे दापोलीला जायचं झालं की जेटीवरच निम्मं वॉर्मअप होतं. परतीला शेवटची बोट चुकू नये म्हणून बक्षीस समारंभ मी नेहमी घाईत उरकायला लावते, आणि आयोजक दर वेळी माझ्यावर रागावतात.

केलीच्या हाताखालच्या मुली आता स्वतः कोच आहेत. लिंडसी मंडेने कॅलिफोर्नियातल्या यूएससीचा संघ पहिल्या दिवसापासून उभा केला, 2013 मध्ये त्यांचा पहिला मोसम झाला. हॅना नीलसन मिशिगनला गेली. म्हणजे टिम्चल यांच्याकडून केलीकडे, केलीकडून या मुलींकडे. माझी जाखडीवाली मुलगी सध्या खाडीपलीकडच्या एका शाळेत पाचवी ते सातवीला खेळ शिकवते. शाळेच्या पगारपत्रकात तिचं नाव नाही, ग्रामस्थ वर्गणी काढून तिला मानधन देतात. तिच्या मुली परवा आमच्या मुलींशी खेळायला आल्या होत्या. हरल्या, पण सातवीतली एकही पोर खो मिळाल्यावर सरळ उभी राहिली नाही.

एफवायचे प्रवेश झाले की माझी पहिली यादी लागते. तुमच्या ओळखीत आमच्या बाजूला कॉलेजात येणारी एखादी मुलगी असेल, आणि ती कधीच काही खेळलेली नसेल, तरी पाठवा. ती नाचत असेल, पोहत असेल, झाडावर चढत असेल तर नक्कीच पाठवा. सराव दुपारी साडेतीनला जिमखान्यात, शनिवारी सकाळी सातला. वस्तीच्या गाडीने येणाऱ्यांसाठी थांबते. बूट नसले तरी चालतील, पुळणीवर सगळ्या अनवाणीच खेळतात.